वेग सोडा, आधी मालक बघा

अँटीव्हायरसवर विश्वास आहेच, मग त्याच कंपनीचा व्हीपीएन (आपलं इंटरनेट एन्क्रिप्ट करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) घ्यायला काय हरकत, हे म्हणणं मला पटत नाही. व्हायरस पकडणं आणि तुमचा सगळा ट्रॅफिक स्वतःच्या सर्व्हरवरून नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीचंच उदाहरण घ्या. लोकांचा ब्राउझिंगचा डेटा जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेने त्यांच्यावर १.६५ कोटी डॉलर्स भरण्याची कारवाई केली. तो डेटा व्हीपीएनमधून नव्हे, अँटीव्हायरस आणि ब्राउझर एक्स्टेन्शनमधून गोळा झाला होता, म्हणजे ज्यावर आपण डोळे झाकून भरवसा टाकतो त्यातूनच!

म्हणून स्पीड टेस्टच्या आधी प्रायव्हसी पॉलिसी वाचा, तीही खास व्हीपीएनची. कनेक्शनची वेळ, मूळ आयपी (तुमच्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता), वापरलेला डेटा यातलं काय आणि किती दिवस ठेवतात? सर्व्हर त्यांचे स्वतःचे की दुसऱ्या कंपनीकडून घेतलेले? ‘नो लॉग्ज’ची, म्हणजे ‘तुमच्या वापराची नोंद ठेवत नाही’ या दाव्याची तपासणी बाहेरच्या ऑडिटरने केली आहे का, आणि तो अहवाल वाचायला मिळतो का? किल स्विच, म्हणजे व्हीपीएन तुटला की इंटरनेटही थांबवणारी सोय, आहे का हेही बघा. काही ॲपमध्ये तो असतो, पण मुळात बंद असतो. तो आणि व्हीपीएन चालू करून डीएनएस लीक टेस्ट घ्या, म्हणजे साइटचा पत्ता शोधण्याच्या विनंत्या व्हीपीएनबाहेर जातात का ते कळेल. तिथे तुमच्याच इंटरनेट कंपनीचे सर्व्हर दिसले, तर रिफंडची मुदत संपायच्या आत पैसे परत मागा.