एकाच छिद्रातून रोबोट: रुग्णाची सोय की जाहिरातीची?

पाटीलबुवा: दा विंची एसपी या शस्त्रक्रियेच्या रोबोटला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाने, २०१८ मध्ये युरॉलॉजीसाठी (किडनी, मूत्राशय, प्रोस्टेट यांच्या ऑपरेशनांसाठी) परवानगी दिली. पोटाला पाच-सहा छिद्रांऐवजी एकच. कौतुक ठीक, पण पोट उघडं टाकून फिरणारे आपल्यात किती? किडनी काढायची तर ती बाहेर आणायला मोठा छेद लागतोच. मग छिद्रं मोजून जादा पैसे कशाला मोजायचे?

ओटीकर: बुवा, एका छिद्राची हौस रोबोटआधीची. नडियादच्या मुळजीभाई पटेल रुग्णालयाने साध्या दुर्बिणीनेच किडनीदात्यांवर एक छिद्र आणि नेहमीची अनेक छिद्रं यांची तुलना केली होती, ५० दाते, निष्कर्ष २०११ चे. एका छिद्रवाल्यांना वेदना कमी, घरीही लवकर गेले. मात्र किडनी जास्त वेळ रक्ताविना राहिली. पुढे तिचं काम दोन्हीकडे सारखंच.

आणि सर्जनचे हाल! सगळी हत्यारं एका भोकातून, त्यामुळे आत त्यांची फुली पडायची, बाहेर मुठी एकमेकींवर आपटायच्या. कॅमेरा धरणाऱ्याचं कोपर सर्जनच्या हनुवटीखाली. त्या अवस्थेत टाके घालून बघा. एसपीत अडीच सेंटीमीटरच्या नळीतून कॅमेरा आणि तीन हत्यारं जातात, ती आत गेल्यावर वळून फाकतात. रोबोट हवा तो यासाठी.

पाटीलबुवा: म्हणजे आधी एका छिद्राचा हट्ट धरायचा, मग तो पुरवायला यंत्र आणायचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! शिवाय सक्शनसाठी, म्हणजे आतलं रक्त-पाणी ओढून घ्यायला, बऱ्याचदा शेजारी आणखी एक छिद्र पाडतातच.

मधुरा_भूल: छिद्रांच्या संख्येवरच अडलात दोघं. मुद्दा वाटेचा आहे. ओटीपोटावर छेद देऊन थेट मूत्राशयातून प्रोस्टेट गाठता येतो, आतड्याला हात लागत नाही. आधीच्या ऑपरेशनने ज्याची आतडी चिकटलीत त्याला हे मोठंच. नेहमीच्या पद्धतीत डोकं खाली, पाय वर करून तासन् तास ठेवावं लागतं, फुगलेल्या पोटाचा भार फुप्फुसांवर येतो. इथे पेशंट जवळजवळ सपाट. मी भूलतज्ज्ञ, मला व्रणाशी देणंघेणं नाही.

पाटीलबुवा: ही वाट निवडक रुग्णांनाच ना? जाहिरात मात्र सरसकट. आणि विमा? विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळायला मनाई केली, पण रकमेला मर्यादा घालायची मुभा ठेवली. वरचे पैसे कोणाच्या खिशातून?

मधुरा_भूल: निवडकच, मान्य. पण पोटावर दोन ऑपरेशनं झालेला पेशंट समोर असेल तर हा पर्याय त्याला सांगायचाच नाही का?