डेल्फ्टच्या नळ्यावाल्या फुलदाण्या

कोणी विचारलं, की निळ्या-पांढऱ्या डच फुलदाणीच्या बुडाला 'एके' (AK) ही अक्षरं आहेत म्हणजे ती ओरिजिनल का, तर नुसत्या मार्कवर जाऊ नका. एके म्हणजे आड्रियानुस कॉक्स, १६८६ पासून नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातल्या 'ग्रीक ए' या मातीच्या भांड्यांच्या कारखान्याचा मालक. इंग्लंडची राणी दुसरी मेरी त्याची मोठी गिऱ्हाईक, तिच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यासाठी त्याने जे पीस पाठवले ते बघाच, मजल्यावर मजला चढवलेले उंच मनोरे आणि प्रत्येक मजल्याला बाहेर आलेल्या नळ्या, एका नळीत एक फूल. काय हौस म्हणायची! पण हाच मार्क एकोणिसाव्या शतकात नकलाकारांनी सर्रास मारलाय. त्यापेक्षा कडा बघा. हे पोर्सेलिन (चिनी माती) नाहीच, भाजलेली माती आणि वर कथिलाचं पांढरं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, त्यामुळे नळ्यांच्या तोंडाशी टवके उडतात आणि आतली पिवळट माती दिसते. तीनशे वर्षांचा पीस आणि एकही टवका नाही म्हटलं की मला तरी आधी शंकाच येते. आणि बुडाला 'डेल्फ्ट' किंवा 'हॉलंड' असं सरळ लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा माल बराच अलीकडचा, शोभेला छान, पण अँटिकचा भाव देऊ नका.