सेफ्टी डेटा शीटवर ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणजे काय समजायचं?

नमस्कार. यंत्रांचे सुटे भाग धुऊन ग्रीस काढायच्या कामावर आम्ही पाच जण आहोत. आधी ट्रायक्लोरोइथिलीन वापरायचो. त्याने कॅन्सर होतो हे आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2012 मध्येच मान्य केलंय, त्यामुळे ते बंद झालं तेव्हा हायसं वाटलं. आता नवीन द्रावण आलंय. ड्रमवर मोठ्या अक्षरात ‘सुरक्षित पर्याय’.

टाकीचं झाकण उघडलं की गोडसर वास येतो, दुपारपर्यंत डोकं जड होतं. हातमोज्यांची बोटं चार दिवसांत फुगून चिकट होतात.

सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारं पुरवठादाराचं माहितीपत्रक, मागून घेतली, सोळाही विभाग वाचले. तिसऱ्यात मुख्य घटकाचं नावच नाही, ‘व्यापारी गुपित’ म्हणे. अकराव्यात कॅन्सर, गर्भावरचे परिणाम, वारंवार संपर्क या तिन्ही ओळींपुढे ‘माहिती उपलब्ध नाही’. सुपरवायझर म्हणतात, काही वाईट असतं तर लिहिलं असतं. मला पटत नाही. आमच्यातल्या एकीला दिवस गेलेत, तिला काय सांगू? आणि पुरवठादाराला नेमकं काय विचारू?

प्रतिसाद : तुमची शंका रास्त आहे. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की चाचणी झालेली नाही किंवा शीट लिहिणाऱ्याकडे निकाल नाही. चाचणीत काही निघालं नसेल तर ‘उपलब्ध माहितीनुसार या वर्गात मोडत नाही’ अशा धर्तीवर लिहितात.

चाचण्या का नसतात? युरोपात 2007 पासून लागू असलेल्या रीच या रसायनांविषयीच्या कायद्यात कंपनीने वर्षाला 1 टन रसायन बनवलं किंवा आयात केलं की नोंदणी लागते, पण चाचण्यांची मागणी 10, 100, 1000 टन अशी वाढत जाते. कमी प्रमाणात बनणारं रसायन दीर्घकालीन चाचण्यांतून सुटू शकतं. अमेरिकेत तर 1976 च्या कायद्याने आधीपासून वापरात असलेली सुमारे 62,000 रसायनं चाचणीविनाच यादीत घेतली.

पुरवठादाराला लेखी विचारा : घटकाचा कॅस नंबर (प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक) काय, कोणत्या चाचण्या केल्या, कोणत्या नाहीत. नाव गुपित ठेवलं तरी माहीत असलेला धोका लपवता येत नाही. उत्तर येईपर्यंत त्या ताईंना टाकीजवळ अजिबात पाठवू नका. मोजे फुगतात म्हणजे द्रावण त्यात मुरतंय. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, हेही सगळ्यांना सांगा.

मूळ प्रश्नकर्ता : मनापासून आभार. तिला उद्यापासून पॅकिंगला पाठवायचं ठरलंय, पत्र आज लिहितो. मोजे कोणत्या प्रकारचे हवेत? आठव्या विभागात नुसतं ‘योग्य हातमोजे वापरा’ एवढंच आहे.