व्हेनिसमधे दोनच दिवस, काय पाहू?

धरमपेठवाला: मे मधे जाऊन राहिलो, नागपूरच्या उन्हातून सुटका. चर्च पाहून पाहून कंटाळा येते म्हणतात, खरंय का? अन् पाण्यातल्या त्या इमारती पडत काऊन नाहीत भाऊ?

सिव्हिलवाली ताई: चिखलात हजारो लाकडी खांब ठोकलेत ना दादा, तिथं ऑक्सिजन पोचतच नाही म्हणून लाकूड सडत नाही, वर जवळच्या इस्ट्रिया भागातला दगड, तो ओल सहज वर चढू देत नाही. तरी सॅन मार्को या तिथल्या मुख्य चर्चचा घंटामनोरा 1902 मधे पडलाच होता, मग 1912 मधे जसाच्या तसा बांधला.

फुटाळ्याचा राजा: सॅन मार्को सोडू नको बे! पाच घुमट अन् आत सगळं सोनेरी मोझॅक. दारावरचे तांब्याचे घोडे 1204 च्या लुटीत कॉन्स्टँटिनोपलहून आणलेले, खरे आत म्युझियममधे, बाहेरचे नकली.

सिव्हिलवाली ताई: अन् फ्रारी चर्चमधलं चित्रकार टिशियनचं 'असुंता' पाहाच, मेरी स्वर्गात जाते ते चित्र. खारट दमट हवेत भिंतीवरचं फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं चित्र, टिकत नसे, म्हणून तिथले चित्रकार कॅनव्हासकडे वळले.

धरमपेठवाला: बरं झालं विचारलं बावा. गोंडोला कॅन्सल, खिसा रिकामा होते.