फ्रॉइड, स्किनर, रॉजर्स, बेक: मंडळीच्या वर्गात काय घ्यावं, काय बाजूला ठेवावं?

सातपुडा_पायथा (शहादा)

सलाम सर्वांना. आमच्या भागातल्या मंडळ्यांचे (चर्चचे) पंच, महिला संघाच्या ताया आणि तरुण संघाचे पुढारी यांच्यासाठी चार शनिवारांचा वर्ग ठरला आहे. विषय आहे आधुनिक मानसशास्त्रातले प्रवाह आणि ख्रिस्ती विश्वास. बसणारे बहुतेक दहावी-बारावी झालेले, निम्म्यांच्या घरी अहिराणी, पावरी किंवा मावची. दोन टोकाची मतं आत्ताच ऐकू येतात. एक म्हणतात, पवित्र शास्त्र (बायबल) पुरेसं आहे, हे जगाचं ज्ञान कशाला? दुसरे म्हणतात, आत्म्याचं पाळक बघतील, मनाचं डॉक्टर बघतील, एकात दुसरं घालू नका. कोणत्या प्रवाहाला किती वेळ द्यावा, तो शास्त्राशी कुठे जुळतो, कुठे अडतो आणि लोक तो वापरताना नेमकं कुठे चुकतात?

केळीबाग (रावेर)

दादा, प्रवाह अख्खा स्वीकारायचा की अख्खा नाकारायचा, हा प्रश्नच वर्गात येऊ देऊ नका. प्रत्येक प्रवाहात तीन थर असतात: माणसाचं निरीक्षण, उपचाराची रीत, आणि माणूस मुळात कोण आहे याबद्दलचा दावा. पहिल्या दोन थरांची पारख अनुभवाने आणि संशोधनाने होते. शास्त्राशी खरी गाठ पडते ती तिसऱ्या थरात. फळ्यावर तीन रकाने आखा आणि चारही शनिवार तेच ठेवा.

मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडला अर्धा तास पुरे. नको असलेली गोष्ट आपण मनाआड ढकलतो आणि ती दुसऱ्या वाटेने वर येते, हे निरीक्षण ठेवा. आणखी एक गोष्ट पंचांच्या फार कामाची आहे: सल्ला घेणारा माणूस सल्ला देणाऱ्याला नकळत आपल्या बापाच्या जागी बसवतो. त्याचा राग, त्याचं लोंबकळणं, कधी त्याची भक्तीसुद्धा त्यातून येते. म्हणून भेटी मोजून ठरवाव्यात, एकट्याने बंद खोलीत बसू नये. १९२७ साली फ्रॉइडने देव म्हणजे माणसाच्या इच्छेतून उपजलेला पिता असं मांडलं. त्याचाच मित्र, स्वित्झर्लंडचा पाळक ऑस्कर फिस्टर, याने पुढच्याच वर्षी त्याला छापील उत्तर दिलं, आणि तरीही दोघांची मैत्री टिकली. हे वर्गात जरूर सांगा. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटते म्हणून ती खोटी ठरत नाही. तहान लागते म्हणून पाणी काल्पनिक होत नाही.

वर्तनवादाचं उलटं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसनने १९१३ मध्ये मन बाजूला सारून फक्त दिसणारं वर्तन धरलं, आणि स्किनरने १९७१ पर्यंत माणसाचं स्वातंत्र्य हीच जुनी समजूत ठरवली. तिसऱ्या रकान्यात हे टिकत नाही, कारण मग पश्चात्ताप या शब्दाला अर्थच उरत नाही. रीत मात्र सोन्यासारखी आहे. खचलेला माणूस ‘बरं वाटलं की उठेन’ म्हणतो, आणि ही रीत सांगते की आधी उठ, बरं वाटणं मागून येईल. दिवसाला दोनच कामं, दहा-दहा मिनिटांची, वेळ ठरवून: सकाळी सातला अंगण झाडणं, संध्याकाळी पाचला बांधापर्यंत जाऊन येणं. पहिल्याच आठवड्यात उपासनेला आणि प्रार्थनासभेला यायचा आग्रह धरला की हे फसतं. ते काम त्या माणसासाठी डोंगराएवढं असतं, आणि ते जमलं नाही की त्याच्या डोक्यावर अपराधाचा आणखी एक दगड बसतो.

माणसाला ऐकून घेण्यावर उपचार उभा करणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर्स, त्याला पूर्ण एक शनिवार द्या. तरुणपणी तो न्यूयॉर्कच्या धर्मशास्त्र विद्यालयात दोन वर्षं शिकला आणि मग मानसशास्त्राकडे वळला. निखळ ऐकणं, अटीशिवाय स्वीकार आणि खरेपणा हे त्याचं १९५७ चं सूत्र देवाच्या कृपेच्या इतकं जवळ जातं की वर्गाला दोन्ही एकच वाटेल. फरक तिथेच दाखवा. रॉजर्सच्या मते योग्य वाट माणसाच्या आतच असते, तिला फक्त मोकळीक हवी. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या ७ व्या अध्यायात प्रेषित पौल मात्र म्हणतो की चांगलं करायची इच्छा आहे, पण ते हातून घडत नाही. कृपा बाहेरून यावी लागते. सराव असा घ्या: जोड्या करा, एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. सल्ला नाही, बायबलचं वचन नाही. दुसऱ्या मिनिटालाच बहुतेकांच्या तोंडून ‘पण तुम्ही असं करा’ निसटतं. तिथे थांबवा आणि पुन्हा सुरू करा.

भुसावळ_जंक्शन

केळीबाग भाऊंशी बराच सहमत, पण ‘शास्त्र पुरेसं’ म्हणणाऱ्यांची बाजू इतक्या झटपट मिटवू नये. अमेरिकन पाळक जे ॲडम्स यांनी १९७० मध्ये हीच बाजू ताकदीने मांडली: शारीरिक आजार सोडले तर बहुतेक प्रश्नांचं मूळ पापात आहे आणि बोध करणं हे मंडळीचंच काम आहे. जबाबदारीची भाषा त्यांनी परत आणली, ते योग्यच झालं. सगळं बालपणावर ढकलणाऱ्याला ती ऐकवावीच लागते.

चूक होते ती सगळ्यांना एकच औषध दिल्याने. बोध करणं या अर्थाच्या ज्या ग्रीक शब्दावरून त्यांच्या पद्धतीचं नाव पडलं, तो थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ५:१४ ला येतो. तिथे पौल तीन माणसं वेगळी करतो: बेशिस्ताला बोध, खचलेल्याला धीर, अशक्ताला आधार. बोधाचा शब्द फक्त पहिल्यासाठी आहे. पंचांना हे एक वचन नीट उमगलं तर निम्मा वर्ग तिथेच झाला. बाळंतपणानंतर रडू न थांबणाऱ्या बाईला बोध करणं म्हणजे याच वचनाविरुद्ध वागणं.

रातपाळी (धुळे)

शेवटचा शनिवार शरीराचा ठेवा ताई-दादांनो, आणि त्यातलं काही गाळू नका. बायबलात १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो, तेव्हा देवदूत आधी काय करतो ते पाहा. झोपू देतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर.

रोज दारू पिणाऱ्याला प्रार्थनासभेत बाटली फोडायला लावून घरी पाठवू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, ताप, भ्रम. घरचे म्हणतात भूत लागलं. हा जिवावरचा प्रसंग असतो, जागा दवाखान्याची. आधी कधी झटका आला असेल तर सोडण्याच्या आधीच भरती करा.

लिथियमची (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरची) गोळी चालू असलेल्याला उपास-प्रार्थनेला बसवू नका, खानदेशच्या मे महिन्यात तर नाहीच. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की गोळी रक्तात साचते. जुलाब, हात कापणं, तोल जाणं दिसलं की लगेच डॉक्टर. उदासीची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. ‘विश्वासाने सोडली’ म्हणून ती एकदम बंद केली तर चक्कर, अस्वस्थपणा आणि आजार परत. थकवा आणि उदासीचं कारण थायरॉईड, ब-१२ ची कमतरता किंवा नंदुरबारकडे सिकलसेलचा ॲनिमियाही असू शकतो, म्हणून रक्ततपासणी आधी.

मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने विचार पेरला जात नाही. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा. १४४१६ वर टेलिमानस ही सरकारची मनाच्या आजारांसाठीची फोनसेवा चोवीस तास फुकट आहे. आणि मनोरुग्णाला साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे, कुणाच्याही अंगणात, प्रार्थनाघराच्याही.

सातपुडा_पायथा

मोठी मदत झाली. एकच राहिलं: अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बेकची विचार तपासण्याची पद्धत तिसऱ्या शनिवारी घेईन म्हणतो, पण ‘विचार’ आणि ‘भावना’ हे दोन रकाने आमच्याकडे वेगळे होतच नाहीत. सगळंच ‘जीव लागत नही’.

केळीबाग (रावेर)

दोन प्रश्न वेगळे विचारा. ‘मनमा काय उनं?’ म्हणजे विचार. ‘जीवले कसं वाटनं?’ म्हणजे भावना. भावना किती जोराची, याचे शंभरपैकी टक्के मागू नका, मोजायला दहा खडे द्या.

नमुना: हापशावर दोघी बोलत होत्या, ही जवळ गेल्यावर गप्प झाल्या. मनात आलं: ‘माझ्याबद्दलच बोलत होत्या, मी काही कामाची नाही.’ जिवाला वाईट वाटलं, आठ खडे. बाजूने पुरावा: गप्प झाल्या. विरुद्ध पुरावा: त्यातल्या एकीने हंडा उचलून दिला, काल तिनेच पीठ मागून नेलं. मग दुसरा विचार: ‘त्यांचं त्यांचं काही खासगी असेल.’ पुन्हा खडे मोजा.

वचन या पुराव्याच्या रकान्यात घालू नका. घातलं की पाळकांपुढे ‘हो’ म्हणून माणूस मोकळा होतो आणि मूळ विचार जागच्या जागी राहतो. आधी मोजणी पुरी करा. मग ४२ वं स्तोत्र वाचा, तिथे स्तोत्रकर्ता आपल्याच जिवाला जाब विचारतो. आणि ज्याला अजून उजेड दिसत नाही त्याच्याबरोबर ८८ वं वाचा, ते अंधारातच संपतं. आठाचे पाच खडे झाले तरी त्या आठवड्याचं काम झालं. शून्याचा आग्रह धरला तर पुढच्या वेळी ती खडे खोटे मोजेल.