तपासणी हवी, पण कसली?

ॲपल आपल्या ॲप स्टोअरमध्ये घेण्याआधी ॲप तपासतं. "ॲपलसारखी कडक तपासणी सगळ्या ॲप स्टोअरमध्ये आली की फालतू, घातक ॲप्सचा कचरा थांबेल" असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच पटलं. तपासणारा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) अडवतो, तसा त्याला न रुचणारा मजकूरही अडवतो. मार्क फिओरे या अमेरिकी व्यंगचित्रकाराचं ॲप २००९ मध्ये ॲपलने नाकारलं. कारण काय, तर सार्वजनिक व्यक्तींची टिंगल! (व्यंगचित्रकाराने दुसरं करायचं तरी काय?) एप्रिल २०१० मध्ये त्याला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं, बोभाटा झाला आणि ॲप मंजूर झालं. ज्यांना पुलित्झर मिळत नाही त्यांनी कुठे जायचं?

शिवाय एवढा पहारा असून २०१५ मध्ये एक्सकोडघोस्ट हे मालवेअर ॲपलच्या स्टोअरमध्ये शिरलंच. चीनमधल्या डेव्हलपरांनी एक्सकोड या ॲपलसाठी ॲप्स बनवायच्या साधनाची भेसळ केलेली प्रत भलतीकडून उतरवून घेतली होती, त्यामुळे त्यांच्या ॲप्समध्येही ते शिरलं. वीचॅट हे तिथलं लोकप्रिय मेसेजिंग ॲपसुद्धा त्यात सापडलं.

म्हणून मोकाट सोडा असंही नाही. २०११ मध्ये अँड्रॉइडच्या ॲप्समधून पसरलेल्या ड्रॉइडड्रीम या मालवेअरनंतर गूगलनेही पुढच्या वर्षी 'बाउन्सर' ही स्वयंचलित तपासणी जाहीर केली. मला एफ-ड्रॉइड या अँड्रॉइड ॲप्सच्या स्टोअरची रीत आवडते: सोर्स कोड (ॲप ज्यातून बनतं तो मूळ कोड) खुला, आणि ॲपमध्ये जाहिराती किंवा पाळत असेल तर तसा स्पष्ट शेरा, निर्णय आपला. बँकेची ॲप्स मात्र तिथे मिळणार नाहीत, त्यासाठी प्ले स्टोअरच.