उबुंटू २०.०४ वरून २४.०४ वर जाण्याचा सुरक्षित मार्ग कोणता?

प्रश्न:
माझ्या लॅपटॉपवर अजून उबुंटू या कार्यप्रणालीची २०.०४ ही जुनी आवृत्ती आहे. तिचा नेहमीचा पाठिंबा मे २०२५ मध्ये संपला, त्यामुळे आता २४.०४ वर जायचे आहे. लॅपटॉपमध्ये माझे अध्यापनाचे साहित्य आणि वडिलांच्या वह्या टंकून ठेवलेल्या फाइली आहेत. त्यांतली एकही गमावून चालणार नाही. आहे त्याच प्रणालीवर अपग्रेड करावे की नव्याने इन्स्टॉल करावे? टाइमशिफ्ट या साधनाने घेतलेले रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या दिवशीच्या स्थितीच्या प्रती, आहेत; ते पुरतील का?

पहिले उत्तर:
नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरा धोका तिथेच आहे. टाइमशिफ्ट मुळात प्रणालीच्या फाइलींसाठी आहे. आपण वेगळे सांगितले नसेल, तर होम फोल्डरमधल्या फाइली ते वगळते. शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतील, तर डिस्कबरोबर तेही जातील. सर्व साहित्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकाला जोडून काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा.

दुसरे उत्तर:
२०.०४ वरून थेट २४.०४ वर अपग्रेड करता येत नाही, आधी २२.०४ वर जावे लागते, म्हणजे तीच प्रक्रिया दोनदा. त्या वेळी बाहेरच्या रिपॉझिटरी, म्हणजे उबुंटूच्या अधिकृत संग्रहाबाहेरून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या जागा (पीपीए), बंद केल्या जातात, पण त्यांतून आलेली सॉफ्टवेअरची पॅकेजेस तशीच राहतात आणि पुढे अवलंबित्वाचे, म्हणजे एका पॅकेजला दुसऱ्याची ठरावीक आवृत्ती लागण्याचे, गुंते होतात. माझ्या जुन्या संगणकावर असा गुंता सोडवण्यात दोन रात्री गेल्या. तुमच्याकडे पीपीए किती आहेत?

प्रश्नकर्ती:
पाच आहेत. दोन कशासाठी जोडले होते, तेही आठवत नाही.

दुसरे उत्तर देणारे:
मग माझे स्पष्ट मत नव्या इन्स्टॉलेशनच्या बाजूने आहे. पीपीए नसते, तर मी दोन टप्प्यांचे अपग्रेडच सुचवले असते. उतरवलेल्या आयएसओ फाइलीचा, म्हणजे उबुंटूच्या इन्स्टॉलेशन फाइलीचा, चेकसम (फाइल बिघडलेली नाही हे पडताळण्याचा संकेत) जुळवा, ती पेनड्राइव्हवर चढवून त्यावरून प्रणाली इन्स्टॉल न करता सुरू करा आणि वायफाय, आवाज, मराठी कळफलक चालतो का ते पाहा. इन्स्टॉलरमधला डिस्क पुसण्याचा पर्याय सगळे नष्ट करतो, म्हणून तिथे पोचण्याआधी बाहेरची डिस्क काढून ठेवा.

प्रश्नकर्ती:
पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे जुन्या बाह्य डिस्कवरची प्रत आज शेजारच्या संगणकावर उघडून पाहिली. वडिलांच्या वह्यांच्या फोल्डरमधल्या बऱ्याच फाइली उघडल्याच नाहीत; मूळ फाइली लॅपटॉपवर शाबूत आहेत. उद्या नवी डिस्क आणून प्रत पुन्हा घेते आणि प्रत्येक फाइल उघडून पाहिल्यानंतरच पेनड्राइव्ह लावते.